कोडभोवतीची वेलबुट्टी

आमच्या महिला मंडळाच्या पुस्तिकेवरचा क्यूआर कोड फोनने टिपला की शेजारच्या वत्सलावहिनींच्या ओव्या त्यांच्याच आवाजात वाजणार होत्या. वहिनी कान देऊन बसल्या, पण फोन काही केल्या कोड वाचेना. छापखानेवाले उखडले, "काकू, कोडभोवती कोरी जागा सोडा म्हटलं होतं ना? तुम्हीच वेलबुट्टी घालायला लावलीत!"

लावली बाई! कोरं दिसलं की मला राहवतच नाही. पाटाभोवती रांगोळी हवी, आणि कुणी गप्प बसलं की माझी बडबड. आता सगळ्या पुस्तिका छापून झाल्या, चिडायचं तरी कुणावर? मी आपली फोनलाच बोल लावत राहिले. दम लागून थांबले तेव्हा कळलं, वहिनी मघापासून ओवी म्हणत होत्या.