अकरा नमस्कार आणि एक डीपी

चौक गावात जुन्या हायवेवर युनूसच्या झेरॉक्सच्या दुकानात ईमेलही लिहून मिळतो. त्याआधी वीस वर्षं तो खालापूरला कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून अर्ज लिहायचा. टाइपरायटर गेला, अदब राहिली. ईमेलची विषयाची ओळ म्हणजे साहेबाचं दार, आणि दारातच कामाचं बोलू नये, हा त्याचा शिरस्ता.

म्हणून डोंगरावरच्या वाडीची विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि तिथली भागूबाई तक्रार घेऊन आली, तेव्हा त्याने वीज कंपनीच्या साहेबांना ईमेल करताना विषयात लिहिलं, ‘आदरणीय साहेबांच्या सेवेशी सविनय नमस्कार, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगून, वाडीची डीपी जळाल्याबाबत.’

दीड महिन्यात असे अकरा ईमेल गेले. उत्तर नाही. वाडीचा पंप बंद, बायका ओढ्यावरून हंडे वाहत होत्या. अदब कमी पडत असावी असं युनूसला वाटलं. नवव्या ईमेलपासून तो साहेबांच्या मुलाबाळांचीही खुशाली विचारू लागला.

“तुजा सायेब मेला का काय रं?” भागूबाईने विचारलं. युनूसने त्यावरही विचार केला, पण खात्रीशीर बातमीशिवाय शोकसंदेश पाठवणं त्याला पटेना.

रविवारी त्याची मुलगी फराह कर्जतहून आली. साहेबांना मोबाइलवर काय दिसत असेल ते तिने दाखवलं. विषयाचे पहिले पाच शब्द, बाकी कापलेलं.

“अब्बा, नमस्कार अकरा वेळा पोचलाय. डीपी एकदाही नाही.”

तिने स्वतःच विषय लिहिला, ‘डीपी जळाली, वाडीत पाणी नाही’, आणि पाठवूनही दिला. कुणीतरी चपला घालून थेट माजघरात शिरावं तसं युनूसला झालं. ती चहा ठेवायला वळताच त्याने आणखी एक ईमेल सोडला. विषय, ‘मघाच्या उद्धटपणाबद्दल क्षमा.’

सोमवारी साडेदहाला खुद्द साहेबांचा फोन आला. आधीचे अकरा त्यांनी सणाच्या शुभेच्छा समजून उघडलेच नव्हते. हा माफीचा मात्र तातडीने उघडला होता.

“उद्धटपणा काय केलात तुम्ही?” त्यांनी विचारलं, आणि फोन न ठेवताच त्याआधीचा, फराहने लिहिलेला ईमेल शोधून वाचला.

बुधवारी डीपी टेंपोतून वाडीवर चढली. पंप सुरू झाला. भागूबाई करटुली घेऊन आली.

“माफीनंच व्हनार व्हतं,” ती म्हणाली, “तर आदीच मागायची ना रं.”

फराहचं म्हणणं, काम तिच्या ओळीने झालं. युनूस वाद घालत नाही. त्याच्या दुकानातून आता कुठल्याही तक्रारीआधी माफी जाते. साहेबांनी उद्धटपणा विचारलाच, तर तो सवडीने करता येतो.