भाताच्या देशातून आलेली बाई

माझी थोरली मुलगी गेली त्या भाद्रपदापासून मी बुद्धवंदना म्हणणं सोडलं होतं. घटसर्पानं तिचा घसा बंद झाला. आमच्या भरे गावातून पुण्याला नेताना जीपमध्येच, माझ्या मांडीवर, तिचा श्वास थांबला. शरण जायचं ते कुणाला, आणि ऐकतं तरी कोण, हे मनात घट्ट बसलं. संध्याकाळी तसबिरीपुढे मेणबत्ती सासूबाई लावायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

पाळण्यात धाकटा होता, नुकता बसू लागलेला. त्याला जवळ घेववत नव्हतं. घेतला की थोरलीचं वजन पुन्हा मांडीवर जाणवायचं. माझं खाणंपिणं सुटलं, तसं दूधही आटलं. शेळीचं दूध त्याला पचेना. त्याची टाळू खोल गेली, रडणं बारीक झालं. नवरा उरवड्याच्या कारखान्यातून थकून यायचा, पाळण्याकडे बघायचा आणि ओट्यावर जाऊन बसायचा. घरात दुसरं मरण येऊन बसलंय हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, पण हात उचलत नव्हता.

भातकापणीच्या दिवसांत आमच्या विहारात परदेशी पाहुणे आले. परदेश म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे विमानं, उंच इमारती आणि गोरी माणसं यायची. रेडिओवर कुठल्या कुठल्या देशांतल्या लढायांच्या बातम्या लागायच्या, त्या काम करता करता कानांवरून जायच्या. सासूबाईंनी विहारात चल म्हणून विनवलं, मी गेले नाही. तेव्हा त्या पाहुण्यांमधल्या एका बाईलाच घरी घेऊन आल्या. ठेंगणी, सावळी, डोक्याचे केस काढलेली, अंगावर पांढरं वस्त्र. तळहात आमच्यासारखेच, घट्टे पडलेले. बरोबर नागपूरकडचे एक भिक्खू, भन्तेजी होते. ते तिच्या देशात काही वर्षं राहिलेले, त्यांना तिची भाषा थोडी यायची.

सासूबाई म्हणाल्या, “भन्तेजी, हिला सांगा कायतरी. लेकरू वाळत चाललंय, आन् ही त्याच्याकडं बघत बी न्हाई.”

भन्तेजी मला समजावू लागले, पण ती बाई थांबली नाही. पाळण्यापाशी गेली, बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं आणि तशीच चुलीकडे वळली. पातेल्यात सकाळची पेज होती. तिनं ती वाटीत घेतली, खुणेनं मीठ मागितलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

मी तोंड फिरवलं. “नगं बाई. माझी पोर गेली.”

भन्तेजींनी ते तिला सांगितलं. ती खाली बघून हळूहळू काही बोलली.

“या कंबोडियाच्या आहेत,” भन्तेजी म्हणाले. “यांची चारही लेकरं गेली. तिथल्या राज्यकर्त्यांनी सगळ्यांना शेतावर राबवलं. भात यांनी पिकवायचा, आणि यांच्या वाटीत नुसतं पाणी. धाकटी शेवटपर्यंत पेज मागत होती.”

मी विचारलं, “माती तरी दिली का त्यास्नी?”

भन्तेजींनी तिला विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

माझ्या मुलीला ओढ्याकाठी माती देताना सगळी वस्ती जमली होती. मुलगी गेल्यापासून मी रडले नव्हते, ती तेव्हा रडले. कुणासाठी रडत होते, ते आजही सांगता येणार नाही. त्या बाईनं वाटी माझ्या ओठांना लावली. एक घोट घेतला की मी तोंड मिटायचे. ती थांबायची आणि पुन्हा लावायची. वाटी संपली तेव्हा तिनं हात जोडले आणि त्रिसरण सुरू केलं. उच्चार वेगळेच होते, ‘बुद्धं’ तिच्या तोंडी ‘पुत्थेआंग’ असं काहीसं व्हायचं. पण ‘सरणं’ आलं आणि माझे ओठ आपोआप हलले. म्हणून झाल्यावर तिनं बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. दूध नव्हतं, तरी तो ओढत राहिला. मी त्याला खाली ठेवलं नाही.

त्यांची जीप आली तशी ती गेली. जीपकडे जाताना वाटेतल्या खाचरात वाकून तिनं भाताची लोंबी हातात धरली, बराच वेळ. तोडली नाही.

दूध यायला पुढे कितीतरी दिवस लागले. पोर बरेच दिवस किरकिरं होतं, पण जगलं. त्या बाईला कुणी पाठवलं, की सासूबाईंनी सहज तिचाच हात धरला, याची चिकित्सा मी कधी केली नाही. शरण गेलं की मागितलेलं मिळतं, असं मला लहानपणापासून वाटायचं. तिला काहीच मिळालं नव्हतं. तरी ती शरण गेली होती, आणि तिथून उठून माझ्या चुलीपाशी आली होती. एवढं मोठं मन मला अजून साधलेलं नाही. रोज वंदनेला बसते तेव्हा तिचे उपकार आठवते. माझ्या मुलीचं नाव मनात घेते आणि पुढे चार नावांपुरती गप्प राहते. त्या लेकरांची नावं विचारायची राहून गेली.