प्रमिलाताईंवरचा ठराव

ज्यांनी प्रमिलाताईंना चोर ठरवलं, त्यांचाच श्रद्धांजलीचा बॅनर सगळ्यात आधी लागला.

ताई काल गेल्या. आज सकाळी नाक्यावर त्यांचा हसरा फोटो, खाली ‘आमचे प्रेरणास्थान’, आणि त्याखाली संस्थेच्या कमिटीतले सगळे, कडक इस्त्रीत.

सकाळपासून मला त्या फोटोत टॅग करताहेत. म्हणून लिहितेय.

दुःखाच्या दिवशी हिला हे काय सुचलं, असं कुणी म्हणू नका. दुःख आहेच. पण आज राग जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही संस्था ताईंच्या ओट्यावर सुरू झाली.

पुरात कामवारी नदीचं पाणी भिवंडीतल्या पॉवरलूमच्या वस्तीत शिरलं होतं. ताईंनी लग्नात वापरायचे मोठे टोप काढले, दिराचा टेम्पो घेतला आणि खिचडी घेऊन निघाल्या. नाव नव्हतं, लोगो नव्हता. लोक ‘पाटलीणबाईंची खिचडी’ म्हणायचे.

पुढे कुठे बिल्डिंग पडली, कुठे कारखान्याला आग लागली, की माणसं ताईंच्या दारात यायची.

मग कुणीतरी म्हणालं, रजिस्ट्रेशन करा. ट्रस्ट झाला, ताई अध्यक्ष झाल्या. ऑफिस झालं. मी तिथे नोकरीला लागले. मोठे डोनर आले.

खोटं कशाला बोलू, डोनर आले म्हणून अॅम्ब्युलन्स आली. पण त्यांच्याबरोबर फोटोही आले. देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा चेहरा, मागे बॅनर.

ताई फोटोवाल्याला म्हणायच्या, “अरे, तिला पदर तरी नीट घेऊ दे.”

मग लॉकडाऊन लागलं. लूम बंद. कामगार खोल्यांत अडकले.

डोनरने किट पाठवली. तांदूळ, पीठ, डाळ, तेल. नियम एकच: एका कुटुंबाला एक किट, आणि कुटुंबाचा किटसोबत फोटो.

आता भिवंडीत कुणालाही विचारा. लूमवरचा माणूस बायकापोरं गावाला ठेवून एकटा येतो. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आलटूनपालटून झोपतात. चूल नाही, गॅस नाही. सगळे भिशीत जेवतात, म्हणजे महिन्याच्या खानावळीत. आणि भिशाही बंद होत्या.

हे कमिटीला माहीत नव्हतं? कमिटीत निम्मे लूमवाले. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं कामावर ठेवलं तो जेवतो कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं?

माहीत होतं. पण डोनरला उलटं कोण बोलणार?

किट वाटली. एका कामगाराने पिठाची पिशवी हातात धरून ताईंना विचारलं. चिडून नाही, अगदी साधेपणाने.

“दीदी, इसको कच्चा खाएँ क्या?”

ताई तडक गोडाऊनला आल्या. उरलेली सगळी किट टेम्पोत चढवली आणि जुलेखा आपा चालवायच्या त्या बंद भिशीत नेऊन फोडली. पीठ एका पिंपात, तांदूळ दुसऱ्यात.

भाजी नव्हती. अंबाडी गावातल्या एका शेतकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “बाजार न्हाय, गिऱ्हाईक न्हाय. भेंडी सडतेय ताई, तुमी टेम्पो धाडा.”

भिशी पुन्हा पेटली. आपांना ताईंच्या हातचं तिखट सोसायचं नाही आणि ताईंना आपांचं तेल. दोघी रोज भांडायच्या आणि शेकडो माणसं पोटभर जेवून जायची.

मग डोनरचा मेल आला. कुटुंबांचे फोटो कुठे आहेत?

कमिटीची तंतरली. सरळ सांगायचं ना, की इथे कुटुंबं नाहीत, भिशी आहे, येऊन बघा. ते नाही. त्यांनी ठराव केला: अध्यक्षांनी धान्याची परस्पर विल्हेवाट लावली. ताईंना काढलं.

मी त्या मीटिंगमध्ये होते. म्हटलं, आपांना बोलवा, जेवणाऱ्यांना विचारा. मला सांगण्यात आलं की स्टाफने मध्ये बोलू नये. मी त्याच दिवशी नोकरी सोडली.

परस्पर विल्हेवाट. गावात याचा अर्थ एकच होतो. वज्रेश्वरीला ओटी भरायला गेल्या तर नारळवाली हळूच विचारते, “ताई, ता खरा हाय का?” तिथे ताई हसल्या. घरी येऊन रडल्या.

त्यांनी पद परत मागितलं नाही. तेवढे शब्द मागे घ्या, एवढंच म्हणत राहिल्या. दर वर्षी उत्तर ठरलेलं: जुना विषय आहे, कशाला उकरता.

हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाल्या, “मला सत्कार नको गं. ता कागदावरचा काढा. उद्या माझ्या सुनेला, नातवंडांना कोणी बोलला तर ती काय सांगतील?”

आज सेक्रेटरींचा फोन आला. संध्याकाळी शोकसभा आहे, दोन शब्द बोला.

मी विचारलं, ठराव मागे घेताय का?

ते म्हणाले, “मॅडम, आता त्या राहिल्या नाहीत. आता काय फरक पडतो?”

साहेब, येते मी.

तुमचा ठराव मोठ्याने वाचणार आहे, खालच्या सह्यांसकट. मग आपा उठतील आणि धान्य कुठे गेलं ते सांगतील. त्यांच्याबरोबर तेव्हा भिशीत जेवलेले बरेच जण येताहेत. आज त्यांनी पाळी बदलून घेतलीय. खुर्च्या कमी पडतील, बघून ठेवा.

ताई, हे तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं. झालं नाही.

सुखाने जा. तुमच्या सुनेला काय सांगायचं, ते आज सगळ्यांसमोर सांगते.

भरल्या पोटांची आणि भरल्या डोळ्यांची श्रद्धांजली.