सर्वानुमते मंजूर

काजं करणाऱ्या बाईला शिवण सहकारी संस्थेत सगळ्याजणी शंकासुर म्हणत. चहात साखर कमी पडली, तरी कारण विचारल्याशिवाय ती कप खाली ठेवायची नाही. या सवयीपुढे नवऱ्याने कधीच हात टेकले होते.

सध्या तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. रुग्णालयासाठी शिवलेले परिचारिकांचे कोट दोनदा परत आले. आधी बाह्या आखूड, मग खिसे इतके अरुंद की हातच जाईना. आता तिसरा गठ्ठा परत आला, की काम जाणार आणि चौदा यंत्रं बंद पडणार. बायका त्याच, यंत्रं तीच, कापड तर पूर्वीपेक्षा चांगलं. मग बिघडलं कुठे?

जेवणाच्या सुट्टीत तिने सभांची वही चाळली. जुन्या पानांवर नुसती भांडणं! कॉलरवरून अडीच तास वाद, नमुना तीनदा उसवला, एक जण रुसून घरी गेली. पण त्या काळात एकही गठ्ठा परत आला नव्हता. गेल्या वर्षभर मात्र प्रत्येक पानावर एकच ओळ: सर्वानुमते मंजूर. पूर्वी मत देण्याआधी नमुना प्रत्येकीच्या हातून फिरायचा. वेळ वाचावा म्हणून अध्यक्षांनी ते बंद केलं होतं.

अध्यक्षा म्हणजे तिची थोरली जाऊ. तिनेच हिला बोट धरून संस्थेत आणलेलं. तिला जाब विचारायचा म्हणजे घरातही अबोला. शंकासुराला पहिल्यांदाच प्रश्न विचारायची भीती वाटली.

तरी सभेत ती उठली.

"जाऊबाई, रागावू नका. खिसा अरुंद आहे, हे मंजूर करतानाच कोणाकोणाला कळलं होतं? हात वर करा."

कोणी हलेना. मग तिने स्वतःचाच हात वर केला. "मलाही कळलं होतं. मीही गप्प बसले."

कापणारीचा हात वर गेला, मग इस्त्रीवालीचा. बघता बघता तेरा झाले.

"अगं, मग बोलला का नाहीत?" जाऊबाई कडाडल्या.

"तुम्ही 'मंजूर का?' एवढंच विचारायचात," कापणारी म्हणाली.

जाऊबाईंनी परत आलेला कोट ओढला आणि खिशात हात घातला. तो बोटांच्या पेरांशीच अडकला. मग नव्या गठ्ठ्याचा नमुना शेजारणीच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "फिरवा."

आणि चौदावा हात वर गेला, त्यांचा स्वतःचा.