भाऊजींचं बिमार पॅड

जगात जे जे बिघडतं ते पॅडमुळे बिघडतं, असं मानणारा माणूस आमच्या तुमसर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. पॅड म्हणजे मोटारीच्या रंगाला चकाकी आणणाऱ्या मशीनच्या तोंडाशी चिकटवतात ती फोमची गोल गादी, लहान भाकरीएवढी. रंगावर पॉलिश लावायचं आणि मशीन फिरवायचं, एवढंच ते काम, असं मला वाटायचं. भाऊजींच्या मते मशीन म्हणजे नुसता बैल, काम करतं ते पॅड. गाडीवर डाग राहिला तर ते मशीनला दोष देत नाहीत, उन्हाला देत नाहीत, रंग देणाऱ्या कारखान्यालाही देत नाहीत. पॅड काढून नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "मास्तर, पॅड बिमार हाये." मी बारावीत होतो तेव्हापासून ते मला मास्तर म्हणतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडे राहून काढली. त्यांचे वडील आणि भाऊ अजून गावच्या तलावात मासे धरतात, ते मात्र जाळं सोडून तुमसरच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये गाड्या पॉलिश करायला येऊन बसले होते, मागेच घर. त्या शेडचा एकच कोपरा कोरडा आणि स्वच्छ असे. तिथे माझं टेबल होतं. त्यांचं सामान पावसाळ्यात भिजायचं, माझी पुस्तकं कधी भिजली नाहीत.

पॅडला त्यांच्या हिशेबाने तीनच रोग होतात. पहिला भरण्याचा. जुना रंग आणि पॉलिश फोमच्या छिद्रांत बसलं की पॅड घासत नाही, नुसतं लिंपतं. म्हणून एक पत्रा झाला की ते ब्रशने झाडून घ्यायचं. दुसरा तापण्याचा. एकाच जागी दाबून धरलं की मागचा वेल्क्रो, म्हणजे चिकटपट्टा, सैल होतो. म्हणून मधूनमधून पत्र्यावर उलटा हात ठेवायचा आणि पाच आकडे मोजेपर्यंत तो टिकला नाही तर थांबायचं. तिसरा नाचण्याचा. पॅड मधोमध बसलं नसलं किंवा कोरडंच फिरवलं की ते उड्या मारतं. हे तीन रोग भाऊजींनी माणसांनाही लावले होते. शेजारचे एक निवृत्त कारकून एकच गोष्ट रोज सांगत, त्यांच्याबद्दल भाऊजी म्हणत, "भरला हाये तो. झाडून घ्या लागते." ताई चिडली की मला हळूच बजावत, "तापली हाये. पाच मिनिट हात नको लावू." एकदा ताईने ते ऐकलं आणि आतूनच सांगितलं, "आज जेवाले पॅडच वाढंन तुमाले." त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आम्हा दोघांनाही जेवण मिळालं नाही.

पहिल्या मुलाखतीत मी नापास झालो तेव्हा त्यांचं निदान तयार होतं. "कोरडा फिरला तू, मास्तर. पॅडले पहिले पॉलिशचे चार ठिपके लावा लागते, मंगच ते चालते." दुसऱ्या मुलाखतीआधी ते खुर्चीवर निवड समिती होऊन बसले, मला समोर उभं केलं आणि गंभीरपणे विचारलं, "सांगा, पॅड किती प्रकारचे?" मी सांगितलं. "पास," ते म्हणाले. नोकरी खरंच लागली. खाजगी शाळा, पण मास्तरकी. त्या दिवशी शेडवर येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला, त्याने विचारलं नसताना, आपला साळा मास्तर झाल्याचं कळलं.

पॅड धुण्याचीही त्यांची रीत होती. कोशाची रेशमी साडी रिठ्याच्या पाण्यात धुतात, हे कुणा विणकराकडून त्यांना कळलं, आणि तेव्हापासून आमच्या घरी पॅडसाठी रिठे भिजू लागले. धुतलेली नारिंगी, पांढरी, काळी पॅडं ताईच्या दोरीवर वाळत. "माह्या साड्यायच्या मधात हे पापड कायले टांगता जी?" ती विचारायची. "साडी फाटली तं दुसरी भेटते," भाऊजी म्हणायचे, आणि पुढचं वाक्य बोलायच्या आत शेडकडे सटकायचे. चिखला गावच्या खाणीकडची गाडी आली तर ती तीनदा धुतल्याशिवाय मशीनला हात लावत नसत, कारण मॅंगनीजची काळी धूळ पॅडखाली गेली तर रंग गेलाच. त्यांचा सगळ्यात कडक नियम एकच. पडलं पॅड उचलायचं नाही. उचललंच तर पुन्हा गाडीला लावायचं नाही, मग ते कालच आणलेलं का असेना. मुरमाचा एक खडा फोममध्ये शिरला तर काळ्या रंगावर कायमचे ओरखडे उठतात. पडलेली पॅडं ताईकडे भांडी घासायला जात.

हा नियम मला पाठ होता, आणि म्हणून पुढचं सांगताना मला लाज वाटते.

आमच्या मुख्याध्यापकांची काळी गाडी होती. आठ दिवसांनी त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी तेव्हा शाळेत कायम झालो नव्हतो. भाऊजींच्या हाताचं कौतुक करून मीच ती गाडी रविवारी शेडवर आणवली. दुपारपर्यंत बॉनेट सोडून सगळं झालं. "बॉनेट थंडं होऊ दे. मी चार घास खाऊन येतो," असं म्हणून भाऊजी घरात गेले. तेवढ्यात आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर रस्त्याने जाताना थांबले. "तुम्हाला जमतं का हो हे?" त्यांनी विचारलं. मी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले होते. जमतं की, म्हटलं, आणि मशीन सुरू करून बॉनेटवर दाबलं. पॅड तापलं, वेल्क्रो सुटला, आणि ते ताटलीसारखं उडून मुरमात पडलं. सर हसले. मी ते उचललं, पँटवर दोनदा आपटलं, पुन्हा चिकटवलं आणि जणू काही झालंच नाही अशा रुबाबात दोन फेरे मारले. सर गेले. मी मशीन जसं होतं तसं ठेवून दिलं.

भाऊजी जेवून आले, हात धुतले आणि त्याच पॅडने बॉनेट केलं. गाडी उन्हात घेतली तेव्हा काळ्या रंगावर गोल गोल ओरखडे उठलेले दिसले. भाऊजी पाहतच राहिले. त्यांनी पॅड काढून नाकाशी धरलं, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. नवं पॅड लावून पाहिलं. वरवरचं थोडं गेलं, खोल होतं ते राहिलं. त्यातच मुख्याध्यापक आले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही तर म्हणाला होता हात चांगला आहे. हे तुमचे कोण?"

"ओळखीचे आहेत, सर," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, "मी त्यांना सांगितलं होतं, पॅड बदलून घ्या म्हणून."

भाऊजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, "हो जी साहेब. मास्तरनं सांगतलं होतं. मीच नाई आयकलं."

त्यानंतर त्यांनी भंगारातून एका गाडीचा दरवाजा आणला, त्याला काळा रंग दिला आणि रोग शोधायला बसले. भरलेलं पॅड लावलं, तापवून लावलं, वाकडं बसवून नाचवलं, कोरडं फिरवलं. महिनाभर हे चाललं. दरवाजा इतका चकाकला की ताई म्हणाली, "आता कुंकू याच्यातच पायत जाईन." पण तसे ओरखडे काही उठेनात. जिथे तिथे पॅडला धरणाऱ्या या माणसाने शेवटी निकाल दिला की पॅडमध्ये दोष नव्हता. "हातच बिमार हाये माहा," ते म्हणाले. मग काळी गाडी आली की ते तिला भंडाऱ्याला पाठवू लागले. पुढे पुढे निळीही पाठवू लागले. मी दर रविवारी सांगायचं ठरवून जायचो, ताईच्या हातचा मासोळीचा रस्सा खायचो आणि परत यायचो. असं दीड वर्ष गेलं. दरम्यान मी शाळेत कायम झालो.

गेल्या पोळ्याला गेलो तेव्हा ते मशीन पुसून खोक्यात भरत होते. गावाकडे जायचं म्हणाले. "जाळं बरं, मास्तर. पाण्यावर ओरखडा रायत नाई." स्वतःच्याच विनोदावर ते थोडं हसले. तेव्हा मी सांगितलं. सगळं, विज्ञानाच्या सरांसकट.

ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी डॉक्टरासारखं विचारलं, "कसं पडलं? फोम खाले का पट्टा खाले?"

"फोम खाली."

"मुरमात?"

"हो."

"पुसलं कायनं?"

"पँटला."

ते खोक्यावर बसले. स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. "आयकलं काय व," त्यांनी आत हाक मारली, "हात बरोबर होता माहा." ताई दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. भाऊजी मला म्हणाले ते एवढंच, "पँट खराब झाली असंन तुही." मी त्यांचा आनंद दीड वर्ष खिशात घालून हिंडत होतो, आणि तो द्यायला एक वाक्य पुरत होतं.

मग ते मला ओढत चौकातल्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना सांगू लागले, की त्या काळ्या गाडीचं कोडं सुटलं, पॅड मुरमात पडलं होतं. कोणीतरी विचारलं, "कोणं पाडलं?"

"हवेनं पडलं असंन," भाऊजी म्हणाले. "आता काळी गाडी आली तं माह्याकडेच पाठवा."

लोकांनी मास्तर म्हणून मला बाकावर जागा करून दिली, पहिला कप माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि हवेनेच पाडलं असावं अशा चेहऱ्याने पीत राहिलो.