खळ्यातल्या वहाणा

गेल्या उन्हाळ्यात मी राबाच्या विस्तवावर अनवाणी उभा राहिलो आणि मला काहीही कळले नाही, एवढ्यापुरते गावाचे एकमत आहे. त्यापुढे प्रत्येकाची हकिकत निराळी. माझा धाकटा चुलतभाऊ सांगतो, दादाने पैज मारली होती. माझी पत्नी सांगते, वहाणा घाला असे तिने बजावले म्हणूनच मी त्या काढल्या. देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्यांनी तर माझ्या अंगात काहीतरी आल्याचेही ठरवून टाकले आहे. या तिन्ही हकिकती चूक आहेत. मी भूमापन खात्यात मोजणीदार होतो. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतले बांध मी पायाखाली घातले, आणि बांधाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांच्या हकिकतींतून खरी हद्द शोधून काढण्यात माझी नोकरी सरली. तेव्हा माझ्या स्वतःच्या पायाची हकिकत मी दुसऱ्या कोणाला सांगू देणार नाही.

घडले ते असे. आमच्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी वाफा भाजतात. फांद्या, पालापाचोळा, शेण, त्यावर पेंढा आणि मातीचा पातळ थर. हा राब सावकाश धुमसत राहतो. वरून विझला तरी पोटात विस्तव उरतो, आणि तो पुरता गेला की नाही हे आमच्या घरात तळव्याने पाहतात. काठीने नाही, हाताने नाही. माझे वडील तसे पाहत आणि त्यांच्यानंतर मी. त्या सकाळी मी वहाणा बांधावर ठेवल्या, वाफ्यात उतरलो आणि मधोमध उभा राहिलो. पायाने सांगितले, थंड आहे. मी तसे मोठ्याने जाहीर केले. मग मला वास आला. हे काय जळते आहे म्हणून मी आजूबाजूला पाहत असतानाच बांधावरून पत्नी किंचाळली, "अवो, बघता काय! तुमचाच पाय जळतोय!"

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, आश्चर्य वाटले. कारण हाच पाय गेली काही वर्षे मला छळत होता. रक्तात साखर आहे हे ठाऊक होते, गोळी चालू होती, पण पायाचे दुखणे मी चालून चालून झिजलेल्या हाडांच्या खाती टाकले होते. चादरीचा काठ अंगठ्याला लागला तरी मुंगळ्यांनी एकदम डसावे तसा कळवळणारा हा पाय! तो विस्तवावर गप्प कसा राहिला? हे कोडे मला जखमेपेक्षा मोठे वाटले.

चुलतभाऊ त्याच संध्याकाळी एक घरगुती उपचार सुचवायला आला.

"दादा, निरगुडीचा पाला उकळ आन् कडक शेक दे. आमच्या सासऱ्याला आमी हाच दिला होता."

"मग पुढे काय झाले त्यांचे?"

"पुढं कल्याणला नेला. घोट्यापासून पाय काढला."

"म्हणजे शेकाने चांगलाच गुण आला."

"तो इषय येगला," असे म्हणून त्याने चहा मागितला. पण जाता जाता ओटीवरून म्हणालाच, "पाय नीट ठेव, दादा. नायतर औंदा रास मला लावायला लागंल."

हे बोलणे वरवर काळजीचे होते, पण त्यामागचे मी ओळखले. आमचे दोन घरांचे खळे एकच आहे. सुगीत झोडणी, मळणी झाली की शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर भाताची रास लागते. तिची पूजा करून धान्यमापाची पहिली पायली भरण्याचा मान दोन्ही घरांतल्या वडील माणसाचा. खळ्यात कोणी पायांत काही घालून शिरत नाही. वडिलांच्या पश्चात ती पायली मीच भरत आलो आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातात जावी अशी माझी इच्छा नव्हती. हेही मी स्पष्ट लिहितो, कारण पत्नी म्हणते की मला पायाची नाही, पायलीचीच काळजी होती. मला दोन्हींची होती.

सापगावच्या पुलावरून शहापूरला गेलो. तिथे पायांचे दुखणे पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी जखम स्वच्छ केली आणि मग मासे धरण्याच्या गळाच्या दोऱ्यासारखा एक ताठ धागा हातात घेतला.

"काका, डोळे मिटा. धागा लागला की 'लागला' म्हणा."

मी म्हणत गेलो. लागला, लागला, लागला. डोळे उघडले तेव्हा बाईंचा चेहरा गंभीर होता आणि पत्नीने तोंडाला पदर लावला होता.

"काय झाले?"

"त्या हात लावत नव्हत्या तवा तुमी वरडत होता," पत्नी म्हणाली, "आन् लावला तवा चिडीचूप."

मी ते अमान्य केले. परीक्षा पुन्हा घ्या, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवीन, असे सांगितले. बाईंनी हरकत घेतली नाही. मी वाकून पाहत राहिलो. धागा माझ्या अंगठ्याच्या खालच्या गादीवर टेकला, दाबला गेला, धनुष्यासारखा वाकला. मला काहीही लागले नाही. माझ्याच अंगाचा एक तुकडा माझ्या हद्दीबाहेर गेला होता आणि मी त्याच्याकडे परक्या जमिनीकडे पाहावे तसा पाहत होतो.

मी माझे कोडे बाईंपुढे ठेवले. चादरीला ओरडणारा पाय विस्तवाला गप्प का? त्या म्हणाल्या, साखरेने नसा खराब होतात. खराब झालेली नस आपल्याच मनाने खोट्या वेदनेचे निरोप पाठवत राहते, आणि खरा निरोप पोचवायचा असतो तेव्हा तो तिच्याकडून पोचत नाही. दोन्ही एकाच पायात एकाच वेळी होऊ शकते.

मला हे तत्काळ पटले. असे साक्षीदार मी मोजणीवर पुष्कळ पाहिले आहेत. विचारले नसताना बडबडतात, आणि खुणेचा दगड कुठे होता म्हणून विचारले की आभाळाकडे पाहतात. अशा माणसाच्या सांगण्यावर मी कधी हद्द कायम केली नाही. मग स्वतःच्या पायाच्या सांगण्यावर राब कसा काय थंड ठरवला? तर तोवर तो पाय फितल्याचे मला कोणी कळवले नव्हते. एवढेच.

"कापावे लागेल?" मी विचारले.

"आता कापण्यासारखं काही नाही. हाडापर्यंत गेलेलं नाही. पण ही जखम भरायची तर पायावर भार नको, साखर आटोक्यात हवी आणि मलमपट्टीत खंड नको. शेक तर अजिबात नको, भाजलेलं कळणारच नाही. आणि यापुढे अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही."

"खळ्यातसुद्धा?"

"खळं म्हणजे?"

पत्नीने त्यांना सगळे समजावून सांगितले, पायलीसकट. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या देवाला विचारून बघा. माझं उत्तर 'नाही'च आहे."

पावसाळाभर मी ओटीवर पाय वर करून बसलो. सगळी आवणी, म्हणजे रोपांची लावणी, माझ्याविना झाली. नसांच्या दुखण्यावर वेगळी गोळी मिळाली होती, तिने मुंगळे हळूहळू कमी केले. खुर्चीत बसून घोटे फिरवायचे, बोटे दुमडायची, हा व्यायामही मी केला. पत्नी रोज सकाळी माझा दाढीचा आरसा तळव्याखाली धरी आणि मग बाईंनी शिकवलेली परीक्षा घेई. मी डोळे मिटायचे, तिने एकेका बोटाच्या टोकाला अलगद बोट टेकवायचे, मी कोणते ते सांगायचे.

"लग्नात धरले नाय एवढे पाय आता धरते मी," ती म्हणे.

"कोणते बोट ते सांगू नकोस, मी ओळखतो."

"वळका की. कवाचा हात लावलाय."

भात पोटरीला आले, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा जखम भरली. बाईंनी मऊ, जाड तळाच्या, मागून पट्टा असलेल्या वहाणा करवून दिल्या. गेलेली जाणीव परत येईल असे मात्र त्यांनी कबूल केले नाही. भरलेली कातडी नाजूक आहे, पुन्हा फाटली तर यंदासारखे नशीब असेलच असे नाही, हेही सांगितले.

तेव्हा प्रश्न खळ्याचा उरला. मी रीतीचा विचार करू लागलो. खळ्यात वहाणा का नकोत? बाहेरची घाण धान्याला लागू नये म्हणून, की लक्ष्मीपुढे नम्र असावे म्हणून? वडिलांच्या वेळी मळणीला बैल फिरत, त्यांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकलेल्या असत. त्या कोणी काढायला लावल्या नाहीत. आता यंत्र येते. मी चुलतभावाला ओटीवर बोलावून सांगितले की वहाणांचा एक जोड मी फक्त खळ्यासाठी ठेवणार, तो बाहेरच्या मातीला कधी लागणार नाही.

"चालायचं नाय," तो म्हणाला. "रीत ती रीत."

"आणि तुझा ट्रॅक्टर? म्हशाच्या गुरांच्या जत्रेतले शेण चाकांना घेऊन तो थेट खळ्यात शिरतो तो?"

"ट्रॅक्टरला पाय आसतात काय, दादा?"

"मलाही नाहीतच म्हण. डॉक्टरीणबाईंना विचार."

तो हसला, पण मागे हटला नाही. त्याची हकिकत अशी की वाद तिथेच मिटला आणि मी मान त्याला दिला. मी काहीही दिले नव्हते. मी फक्त गप्प बसलो होतो.

राशीच्या दिवशी मी नवा जोड कापडात गुंडाळून खळ्याच्या कडेला आणला आणि तिथेच पायांत चढवायला बसलो. तेवढ्यात चुलतभाऊ पायली घेऊन अनवाणी आत शिरला. मळणीचे यंत्र नुकतेच खळ्यातून हलले होते. तो राशीला वळसा घालत हळद-कुंकू वाहत होता, आणि त्याच्या मागे हिरव्या सारवणावर लाल ठिपके उमटत होते. प्रथम मला वाटले, कुंकू सांडते आहे. पण आरशात तळवे पाहण्याची सवय लागलेला माणूस जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ठिपके प्रत्येक दुसऱ्या पावलाला होते, एकाच पायाचे.

"थांब," मी म्हणालो. "पाय दाखव."

"झालं दादाचं सुरू."

"पाय वर कर."

त्याने केला. यंत्राचा पत्र्याचा एक तुकडा टाचेच्या पुढे रुतून बसला होता. त्याने तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले. मी त्याला कडेला बोलावून माझ्याशेजारच्या पेंढ्याच्या भाऱ्यावर बसवले, तुकडा काढला, पत्नीने पाण्याने जखम धुऊन फडके बांधले. मग मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्याचा दुसरा पाय हातात घेतला. तो हबकून उठायलाच लागला.

"दादा, माझ्या पायाला हात नको लावूस! थोरला हायस तू, पाप लागंल मला."

"पापाचे नंतर पाहू. डोळे मीट. कोणत्या बोटाला हात लावतो ते सांग."

त्याने डोळे मिटले. मी अंगठ्याच्या टोकाला बोट टेकवले, मग मधल्या, मग करंगळीच्या.

"कर की सुरू," तो म्हणाला. "कवाचा बसलोय मी."

मी पत्नीकडे पाहिले. ती राशीकडे पाहत होती. मी पुन्हा अंगठा, मधले, करंगळी असे टेकवले.

"दादा?"

"उघड डोळे," मी म्हणालो. "झाले सगळे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. सासऱ्याची आठवण त्याला झाली असावी, कारण त्याने दोन्ही हातांनी आपला घोटा घट्ट धरला. मग पायली माझ्यापुढे सरकवली. मी नव्या वहाणा घालून खळ्यात गेलो आणि पहिली पायली भरली. त्या दिवशी ट्रॅक्टरचे नाव ना त्याने काढले, ना मी.

दुसऱ्या सकाळी आम्ही शहापूरच्या एसटीत बसलो. त्याच्या पायात माझा जुना जोड होता. सापगावच्या अलीकडे एका ओळखीच्या माणसाने विचारले, एवढ्या सकाळी दोघे भाऊ कुणीकडे?

"दादाला दवाखान्यात दाखवायला नेतोय," चुलतभाऊ म्हणाला. "त्याच्या पायाचं ठाव हाय ना तुमाला? एकट्याला कसा सोडू?"

मी तोंड उघडले होते. पण त्याने पायांतल्या वहाणांचा पट्टा वाकून नीट केला आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "दादा, तो धागा लागतो काय रे?" म्हणून त्या गाडीत मी ती हकिकत तशीच राहू दिली. कोण कोणाला नेत होते, ते इथे लिहून ठेवतो.