भाजीच्या पिशवीत मावणारा प्रोजेक्टर

प्रोजेक्टर घ्यायला निघताना मी घरातली भाजीची पिशवी बरोबर घेतली होती. जाड कापडाची, रुंद तळाची. माझं म्हणणं सरळ होतं. जो हिच्यात मावेल आणि स्कूटरवर माझ्या मांडीवर बसेल, तोच घ्यायचा. ह्यांच्याकडे एक वही होती आणि तिच्यात दुकानदाराला विचारायचे चौदा प्रश्न लिहिलेले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे उजेड, भिंग, आरसा या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा. निदान त्या दिवसापर्यंत तरी होता.

हे म्हणजे माझा नवरा. वाळूजच्या एका कारखान्यात वीस वर्षं इंजिनिअर. पण लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला आणि ह्यांच्या डोक्यात चाऱ्याचं खूळ शिरलं. मका भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसातून चार-पाच वेळा नुसतं पाणी फवारायचं. माती नाही, शेत नाही. आठ-नऊ दिवसांत वीतभर हिरवागार चारा. आमच्या गारखेड्याच्या घराच्या गच्चीवर ह्यांनी ट्रेंची मांडणी उभी केली आणि अशा मांडण्या गावोगावी विकायच्या म्हणून भरल्या ताटावरून उठावं तशी नोकरी सोडून दिली. तेव्हा आजूबाजूला नव्या इमारती भराभर उठत होत्या, त्यांच्या बोअरला पाणी लागत नव्हतं, नळ आठवड्यातून एकदा यायचा आणि आमच्या गच्चीवर मात्र तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर हिरवळ डुलायची. लोक बघायला यायचे, वाहवा करायचे, चहा पिऊन जायचे. सात महिन्यांत एकही मांडणी खपली नाही.

शेवटी ह्यांनी जाहीर केलं, "पाडव्यापर्यंत एक तरी मांडणी गेली नाही, तर पुण्याची नोकरी घेतो." पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने बोलावून ठेवलं होतं. पुणे म्हणजे पंधरवड्यातून एकदा घरी, तेही बसनं अंग मोडून. मी म्हटलं, "जायचं तर जा. मी काय धरून ठेवलंय?" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटली. मला ते जायला नको होते. पण असलं काही तोंडानं बोलायची आमच्या माहेरी रीत नव्हती, आणि माझ्या स्वभावात तर नव्हतीच.

पाडव्याला सहा आठवडे उरले असताना प्रोजेक्टरची कल्पना निघाली, आणि ती माझी होती. तोवर हे ओले ट्रे घेऊन एसटीनं गावोगाव जायचे. एकदा एका बाईंच्या नव्या साडीवर अख्खा ट्रे सांडला आणि कंडक्टरनं ह्यांना आडगावालाच उतरवलं. म्हणून म्हटलं, ट्रे कशाला वाहायचे? चारा उगवतानाचं चित्रण करा, पेन ड्राइव्हमध्ये घाला, भिंतीवर दाखवा. धंद्याला उपयोग, आणि घरचा टीव्ही बंद पडलाच होता, तर घरीही सिनेमा. एका दगडात दोन पक्षी.

क्रांती चौकाजवळच्या त्या दुकानात आम्ही दोन रविवार घालवले. दुकानदार दखनी वळणाचं बोलणारा, शांत माणूस. त्याने ह्यांच्या चौदाही प्रश्नांना उत्तरं दिली आणि मध्ये दोनदा चहा मागवला. एक प्रोजेक्टर मोठा, चार-साडेचार किलोचा, भरपूर उजेडाचा. दुसरा चपटा, डब्याएवढा, त्यातच स्पीकर. मागच्या बाजूच्या खोलीत पडदा ओढून त्याने दोन्ही लावून दाखवले. छोट्याचं चित्र इतकं सुरेख आलं की मी तिथल्या तिथे तो पिशवीत घालून बघितला. अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

"मॅडम, अंधेरे में तो अगरबत्ती भी सूरज दिखती," दुकानदार म्हणाला. "दिन में कैसा करते? बडा लेव."

"आम्हाला अंधारातच दाखवायचंय," मी म्हटलं. "संध्याकाळी."

ह्यांनी वहीतून डोकं वर काढलं. "उजेडाचं माप मोठ्याचं जवळजवळ दहापट आहे गं."

"मग तो तुमच्या मांडीवर घ्या, मी चालवते स्कूटर."

विषय संपला. छोटा घेतला.

घरी पहिल्या संध्याकाळी गच्चीवरच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लावला. शेजारची चार घरं सतरंज्या घेऊन आली, कुणी भेळ आणली, कुणी नुसतंच तोंड आणलं. माणसाएवढाली माणसं भिंतीवर नाचायला लागली तेव्हा समोरच्या आजी पदर सावरून बसल्या. सिनेमा अगदी रंगात आला आणि खालून कुणीतरी ओरडलं, "नळ आला!" पाच मिनिटांत गच्ची रिकामी. नायक नायिकेला मनातलं सांगत होता आणि ऐकायला फक्त आमचा मका होता. मीही हंडा घेऊन जिन्यात होतेच. पाणी भरून सगळे परत आले आणि ते गाणं मागे नेऊन पुन्हा लावायला लागलं. सात महिन्यांत मी इतकी हसले नव्हते. एका खरेदीत आणखी काय हवं असतं माणसाला?

मग तो रविवार उजाडला. वेरूळच्या अलीकडे, तासाभराच्या अंतरावर, धनगरांची एक वस्ती. ह्यांच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी निरोप दिला होता की दोन दिवसांत माणसं मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघतील, भेटायचं तर आत्ताच. पाडवा बारा दिवसांवर होता. मी प्रोजेक्टर मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो.

वस्तीवर पोचल्यावर कळलं की लाइट सकाळीच असते, एकपर्यंत. संध्याकाळी नाहीच. हा प्रश्न ह्यांच्या चौदा प्रश्नांत नव्हता आणि माझ्या विज्ञानातही नव्हता. समाजमंदिराची खोली चुन्यानं पांढरीशुभ्र, चार खिडक्या, एकीलाही दार नाही. सकाळचे दहा. चाळीसेक माणसं येऊन बसली आणि मी प्रोजेक्टर लावला. भिंतीवर काहीही दिसेना. नीट बघितलं तर एक फिकट डाग दिसायचा, दूध सांडून पुसल्यावर राहतो तसा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेच मला जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्या डबड्यापायी आता हा माणूस पुण्याला जाणार, आणि डबडं निवडलं कुणी? मी.

पुढे एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सगळी वस्ती त्यांचं ऐकते हे बसण्यावरूनच कळत होतं. त्यांनी विचारलं, "काय झालं गं बाई? बिघाडलं व्हय?"

"नाही हो. उजेड जास्त झालाय."

"मंग तसं बोल की. उजेड झाकायला कितीसा येळ लागतुय?" आणि दाराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "घोंगड्या आना रं!"

घराघरांतून घोंगड्या आल्या. काळ्या, जाड, हातमागावरच्या. एकेका खिडकीवर एकेक, दारावर दोन, झरोक्यात घड्या करून कोंबलेल्या. ज्याच्या खांद्यावर होती त्याने खांद्यावरची दिली. बघता बघता खोलीत मिट्ट काळोख झाला आणि लोकरीचा उबट वास भरला. क्रांती चौकाच्या दुकानातही एवढा अंधार नव्हता. आणि भिंतीवर आमचा मका हिरवाकंच उमटला! मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

ह्यांचं चित्रण वीस मिनिटांचं होतं. मका भिजतोय, मोड फुटतायत, नऊ दिवसांची वाढ मिनिटभरात सरसर वर येतेय. लोकांनी ती वाढ तीनदा बघितली. "आजून एकदा उगवा," म्हणाले. शेवटी तक्ता आला, कशात किती प्रथिनं वगैरे, आणि चित्रण संपलं.

म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "समदं ब्येस हाय. पन शेरडं खात्यात का?"

"हो, खातात ना," हे म्हणाले.

"मंग दावा की खाताना."

ह्यांनी ट्रेचं चित्रण केलं होतं, फवाऱ्याचं केलं होतं, वजनकाट्याचं तर दोन बाजूंनी केलं होतं. त्या अख्ख्या वीस मिनिटांत एकही शेळी नव्हती. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कागदावर काम केलेली माणसं. चारा म्हणजे शेवटी कुणाच्या तरी तोंडात जायची वस्तू, हे आम्हा दोघांच्या शिकलेल्या डोक्यांत आलंच नव्हतं. आणि ट्रे आणलेला नव्हता, कारण ट्रे आणायला लागू नये म्हणून तर प्रोजेक्टर!

"दोन तास थांबाल?" ह्यांनी विचारलं. "घेऊन येतो." आणि उत्तर यायच्या आत स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मी चाळीस माणसांपुढे उभी. थांबवायचं कसं यांना? पेन ड्राइव्हमध्ये तक्त्याखेरीज उरलं होतं ते फक्त माझं गुपित. रोज सकाळी हे गच्चीवर जाऊन मक्याशी बोलायचे, आणि मी जिन्याच्या दारातून मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवलं होतं. बहिणीला भिंतीवर मोठं दाखवून हसायला त्याच पेन ड्राइव्हवर उतरवलंही होतं. ह्यांना पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात माफी मागितली आणि बटण दाबलं.

भिंतीवर माझा नवरा आला. लुंगी, बनियन, कानटोपी. एका ट्रेपुढे उकिडवा बसून म्हणत होता, "काय रे, तूच का मागं राहिलास? बाजूचा बघ, केवढा झाला. पाणी पुरलं नाही का? सांगायचं ना मग." पुढच्या ट्रेला शाबासकी. तिसऱ्याला बुरशी लागलेली, तर त्याच्यापुढे हा माणूस डोक्याला हात लावून बसलेला. खोली हसण्यानं फुटली. पोरं लोळली, बाप्ये डोळे पुसायला लागले. असे अकरा तुकडे होते आणि ते सगळे त्यांनी बघितले, काही दोनदा. म्हाताऱ्या बाई आधी हसत होत्या, मग हसेनाशा झाल्या.

"मीबी कोकरांसंगं असंच बोलते," त्या म्हणाल्या. "ह्ये तुजं मालक?"

"हो."

"मानूस ब्येस हाय गं."

मला काय झालं कुणास ठाऊक. अंधार होता म्हणून असेल, कुणाचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल. मी बोलून गेले की तो माणूस बारा दिवसांनी पुण्याला जाणार आहे, मला ते मुळीच नकोय, आणि मी ते त्याला सांगितलेलं नाही. बोलता बोलता रडायलाच लागले. शेजारच्या एका बाईनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. टँकरच्या पाण्याचा, अर्धा. मी तो पुरवून पुरवून प्यायले.

एक वाजायला दहा कमी असताना हे घामाघूम होऊन आले. स्कूटरच्या पायदानावर गोणपाट, त्यात सतरंजीसारखी गुंडाळलेली चाऱ्याची ओली वळकटी. ह्यांना बघताच सगळी वस्ती हसायला लागली. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, लोक आनंदी आहेत."

म्हाताऱ्या बाईंनी मुद्दाम एक म्हातारी, नखरेल शेळी आणवली. तिनं हुंगलं, मान फिरवली, पुन्हा हुंगलं. हे वाकून तिच्या तोंडाकडेच बघत होते. मग तिनं एक घास ओढला, आणि नंतर मुळांसकट, दाण्यांसकट निम्मी वळकटी फस्त केली. मागच्या दोन शेळ्या दावं तोडायला लागल्या.

बाईंनी तिथेच ठरवलं. मोठा कळप जाईल, पण व्यालेल्या शेळ्या आणि बारकी कोकरं एवढं चालू शकत नाहीत, दर वर्षी वाटेत मरतात. ती यंदा इथंच राहतील. त्यांच्यासाठी तीन मांडण्या.

"पन येक हाय," त्या ह्यांना म्हणाल्या. "दर आठवड्याला यायचं बघायला. पुन्याला जायचं नाय."

"पुण्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुज्या बायकूनं. रडली की ती. तिला तू जायला नगं हायेस."

हे माझ्याकडे वळले. मी प्रोजेक्टर पिशवीत भरण्यात अतिशय गुंतले.

"तू तर म्हणाली होतीस, जायचं तर जा."

"म्हटलं होतं."

"मग?"

"मग काय? खोटं होतं ते."

त्यांनी खिशातून फोन काढला. वस्तीवर रेंज नव्हती. पोरांनी सांगितलं की कोरड्या पडलेल्या टाकीवर चढलं की मिळते. तर पन्नाशीचा हा माणूस शिडीनं टाकीवर चढला. तिथेही आवाज नीट जाईना, म्हणून त्यांनी तोंडापुढे हाताचा आडोसा केला आणि पुण्याच्या माणसाला ओरडून सांगितलं, "नाही येत! बायकोला सोडून नाही येत!" ते खाली सगळ्यांनी ऐकलं, मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि माझ्याबद्दल ते इतक्या मोठ्यानं कधीच काही बोलले नव्हते.